हार्टसाठी ‘मान्यताप्राप्त’ हॉस्पिटल म्हणजे नक्की काय बघायचं? आण्णांची बायपास करायची आहे

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या आण्णांना (वय ६६, शुगर जुनी, तंबाखू आत्ता सुटलीय म्हणजे आम्ही सोडवलीय) जिना चढताना छातीत भरून यायला लागलं म्हणून कराडला दाखवलं, टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती ईसीजी) पॉझिटिव्ह आली, मग अँजिओग्राफी झाली. ट्रिपल व्हेसल (हार्टच्या तिन्ही नळ्यांत ब्लॉक) निघालं, एलएडीला (हार्टच्या पुढच्या बाजूची मुख्य नळी) सुरुवातीलाच मोठा ब्लॉक, हार्टचं पंपिंग ४५ टक्के. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की प्लास्टीच्या (फुगा फुगवून स्टेंट टाकतात ते) नादाला लागू नका, बायपासच करा, उद्याच पाहिजे असं नाही पण लांबवू पण नका.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. मेहुण्यांचं म्हणणं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला जायचं, तिथं लॉबीतली अख्खी भिंत ट्रॉफ्यांनी भरलीय, ‘बेस्ट हार्ट केअर’, ‘एक्सलन्स इन कार्डियाक सायन्सेस’ वगैरे, शिवाय एनएबीएच (हॉस्पिटलांना मिळते ती मान्यता). पॅकेजचा आकडा ऐकल्यापासून आई गप्प आहे. दुसरं हॉस्पिटल आमच्यापासून तासाभरावर, तिथले सर्जन आठवडाभर बायपासच करत असतात असं आमचे फॅमिली डॉक्टर सांगतात, पण भिंतीवर एनएबीएचचं एक सर्टिफिकेट आणि गणपतीचा फोटो, बास.

त्यात चुलत बहीण अमेरिकेत ओहायोत असते, ती फोनवर सांगतीय की आमच्याकडं क्लीव्हलँड क्लिनिक हार्टमध्ये एक नंबर, ते स्वतःचे रिझल्ट छापतात, तुम्ही पण तिथं जाऊन आकडे मागा. मेहुणे म्हणतात इथं आकडे मागितले तर डॉक्टर फाईल हातात देऊन वाटेला लावतील.

तर ही मान्यता, ॲवॉर्ड, रँकिंग यातलं कशाला किती किंमत द्यायची? आणि खरंच काही विचारायचं असेल तर काय विचारायचं? कुठल्या हॉस्पिटलचं नाव मी घेत नाहीये, तुम्ही पण घेऊ नका, उगाच भांडणं नकोत.

फाईलवाली

मी एका हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे (हार्टचं नाही, मल्टिस्पेशालिटी), त्यामुळं एनएबीएचपुरतं सांगते.

एनएबीएच म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या खालचं बोर्ड. त्यांचे असेसर येतात, वॉर्डात फिरतात, फायली उघडतात, सिस्टरला मध्येच थांबवून विचारतात की हाय रिस्क औषधं कुठं ठेवता, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) शेवटची कधी तपासली. इन्फेक्शनचे रेट, औषधं देतानाच्या चुका, पेशंट पडणं, परत आयसीयूत जाणं हे सगळं महिन्याच्या महिन्याला लिहावं लागतं. आमच्याकडं असेसमेंटच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांची झोप उडालेली असते, पण खरं सांगायचं तर त्या धाकानं बऱ्याच गोष्टी सुधारतात. फुकटचा कागद नाही तो.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ते सर्टिफिकेट अख्ख्या हॉस्पिटलला असतं, हार्टच्या डिपार्टमेंटला वेगळं नाही. बायपास चांगली होते का हे त्यातून कळत नाही, व्यवस्था जागेवर आहे का एवढं कळतं. दोन, ‘फुल ॲक्रिडिटेशन’ आणि ‘एन्ट्री लेव्हल’ यात खूप फरक आहे, भिंतीवर दोन्हीकडं लोगो दिसतो आणि लोकांना सारखंच वाटतं. सर्टिफिकेटवर मुदत छापलेली असते ती वाचा, आणि एनएबीएचच्या वेबसाईटवर हॉस्पिटलचं नाव टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जेसीआय ही अमेरिकन मान्यता, ती पण याच धर्तीची, महाग असते म्हणून मोठीच हॉस्पिटलं घेतात.

ट्रॉफ्यांबद्दल मी नोकरी करते म्हणून जास्त बोलत नाही 😄 एवढंच सांगते की बऱ्याच ॲवॉर्डांना नॉमिनेशनची फी असते आणि फॉर्म आमच्यासारखेच कोणीतरी भरत असतात.

एरीकाठचा मराठी

तुमच्या बहिणीच्या गावाजवळच राहतो, क्लीव्हलँडला बावीस-तेवीस वर्षं झाली, डॉक्टर नाही पण हेल्थकेअर डेटामध्ये काम करतो, तेव्हा थोडं विस्तारानं लिहितो. कंटाळा आला तर पुढं सरका.

क्लीव्हलँड क्लिनिक यूएस न्यूजच्या (हॉस्पिटलांचे नंबर लावणारं इथलं मासिक) यादीत हार्टमध्ये १९९५ पासून वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर राहिलं हे खरं आहे. पण ते नाव यादीमुळं झालं नाही. १९५८ मध्ये तिथले डॉ. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या पेशंटची तपासणी करत होते, कॅथेटर (बारीक नळी) चुकून उजव्या कोरोनरीत (हार्टला रक्त पुरवणारी धमनी) सरकला आणि डाय (एक्स-रेवर दिसणारा रंग) थेट तिथं गेला. तोपर्यंत सगळ्यांची समजूत होती की असं झालं तर हार्ट बंद पडणारच. पेशंटला खोकायला लावलं, ठोके परत सुरू झाले, आणि फिल्मवर कोरोनरी स्पष्ट दिसली. आण्णांची जी अँजिओ झाली ना ती इथून सुरू झाली. मग डॉ. रेने फावालोरो आले, अर्जेंटिनाचे, आधी बारा वर्षं तिकडं खेड्यात डॉक्टरकी केलेला माणूस. सोन्सच्या फिल्म बघत बसायचे तासन् तास. १९६७ मध्ये त्यांनी पायाची शीर काढून ब्लॉकच्या पलीकडं जोडली. म्हणजे अँजिओ आणि बायपास दोन्हीच्या वंशावळीत हे एकच हॉस्पिटल येतं.

मला मात्र याच्यापेक्षा मोठी वाटते ती तिसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. ७० च्या दशकापासून त्यांनी प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवली आणि पेशंट घरी गेल्यावर पुढची कित्येक वर्षं त्याचा माग ठेवला. त्यातूनच १९८६ मध्ये डॉ. फ्लॉइड लूप आणि मंडळींचा पेपर आला, की एलएडीला पायाच्या शिरेऐवजी छातीच्या आतली धमनी (लिमा म्हणतात तिला) जोडली तर दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. पायाच्या शिरा दहा वर्षांत साधारण निम्म्या बंद पडतात, लिमा नव्वद टक्क्यांच्या वर चालू राहते. आज जगात कुठंही बायपास होवो, एलएडीला लिमा लावायचा प्रयत्न आधी होतो, आणि ते वहीत लिहून ठेवल्यामुळं कळलं. सर्जनच्या हाताला यश आहे म्हणतात ते ठीक, पण कुठल्या हाताला आणि कशामुळं हे वहीशिवाय कळणार कसं.

आता आकडे छापण्याबद्दल. अमेरिकेत सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स म्हणजे एसटीएस यांचा डेटाबेस आहे, हॉस्पिटलांना एक ते तीन स्टार मिळतात, बहुतेकांना दोन. आणि हे स्टार नुसते किती पेशंट वाचले यावर नाहीत. ऑपरेशननंतर स्ट्रोक झाला का, किडनी बसली का, छाती परत उघडावी लागली का, २४ तासांच्या वर व्हेंटिलेटर लागला का, छातीच्या हाडापाशी खोल इन्फेक्शन झालं का, लिमा वापरली का, घरी सोडताना योग्य गोळ्या लिहून दिल्या का, एवढं सगळं बघतात. मृत्यूसुद्धा ३० दिवसांच्या आतला घरी झालेला असला तरी मोजतात, नाहीतर हॉस्पिटल पेशंटला लवकर घरी पाठवून हात झटकेल.

या आकड्यांची एक गंमत पण ऐका. न्यूयॉर्क राज्यानं १९९० च्या आसपास हॉस्पिटलवार बायपासचे मृत्यू जाहीर करायला सुरुवात केली, नंतर कोर्टबाजी होऊन सर्जनवार पण. १९८९ ते १९९२ मध्ये तिथला मृत्युदर (पेशंट किती गंभीर होते हे धरून काढलेला) ४.१७ वरून २.४५ टक्क्यांवर आला. सगळे खूष. मग १९९६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी पेपर काढला की न्यूयॉर्कहून आमच्याकडं येणारे पेशंट आता आधीपेक्षा जास्त गंभीर असतात, म्हणजे तिकडचे सर्जन अवघड केस इकडं ढकलतायत की काय. त्यावर नंतर उलटसुलट अभ्यास झाले, वाद काही पूर्ण मिटला नाही. पण मुद्दा कळला ना, नुसता ‘आमच्याकडं मृत्यू शून्य’ म्हणणारा सर्जन दिसला तर आधी तो कुणाला नकार देतो ते बघा.

भारतात असं हॉस्पिटलवार जाहीर करायचं बंधन नाही, त्यामुळं बहिणीसारखा वेबसाईटवर आकडा शोधू नका, मिळणार नाही. समोर बसून विचारावं लागेल. आणि विचारा की, मेहुण्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

खडूस_काका

एवढं लांब वाचून चष्मा काढून पुसला 😀 माझं साधं म्हणणं, लग्नाचं कार्यालय बघायला गेल्यासारखी लॉबी बघू नका.

आणि दर दिवाळीत येणाऱ्या त्या ‘टॉप टेन हार्ट हॉस्पिटल्स’ पुरवण्यांच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते वाचत जा.

नाईटड्युटी

मी सीव्हीटीएस (हार्टच्या ऑपरेशनवाल्या) आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं. एरीकाठच्या दादांनी छान सांगितलं पण मी रात्रीचं सांगते, कारण बायपासचा पेशंट सर्जनच्या हातात चार-पाच तास असतो, त्याच्यानंतर आमच्या हातात.

ऑपरेशन झाल्यावर छातीतून ड्रेनच्या नळ्या निघालेल्या असतात, खाली बाटली. आम्ही दर तासाला त्या बाटलीवर पट्टी मारतो आणि बाजूला वेळ टाकतो, शीटवर लिहितो. पहिल्या तासाला एवढं, दुसऱ्याला एवढं, असं उतरत गेलं पाहिजे. समजा रात्री दीडला ते एकदम वाढलं. किंवा त्याहून वाईट म्हणजे वाहत होतं ते अचानक थांबलं आणि बीपी उतरायला लागलं, म्हणजे रक्त आतच साठतंय. अशा वेळी पेशंटला तासाभराच्या आत परत थिएटरमध्ये घ्यावं लागतं, कधीकधी बेडवरच छाती उघडतात. तेव्हा लॉबीतली ट्रॉफी कामाला येत नाही. सर्जन कुठं राहतात, भूल देणारे कुठं राहतात, परफ्युजनिस्ट (पंप चालवणारे) कॉलवर आहेत का, रक्तपेढी त्याच बिल्डिंगमध्ये आहे का गावाच्या दुसऱ्या टोकाला, हे कामाला येतं.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा हे विचारा, घाबरू नका, चांगल्या सर्जनला राग येत नाही, उलट ते खुर्चीत नीट बसून बोलायला लागतात:

तुम्ही स्वतः महिन्याला साधारण किती बायपास करता, आणि आण्णांची तुम्हीच करणार की टीममधले दुसरे कोणी?
एलएडीला लिमा लावणार ना? शुगर असताना छातीच्या दोन्ही बाजूच्या धमन्या वापरणार का, नसाल तर का नाही?
गेल्या वर्षी किती जणांची छाती परत उघडावी लागली, किती जणांना छातीच्या हाडाचं इन्फेक्शन झालं?
रात्री आयसीयूत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर? एका सिस्टरकडं किती पेशंट?

या शेवटच्याला सगळ्यात जास्त मार्क द्या. ताज्या बायपासच्या पेशंटला पहिल्या रात्री एकाला एक सिस्टर पाहिजे. जिथं एक सिस्टर तीन व्हेंटिलेटर बघतीय तिथं कितीही मोठं नाव असू दे, मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

आणि शुगर. आण्णांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) किती आहे लिहिलं नाही तुम्ही. छातीची जखम चिघळायला शुगर आणि तंबाखू या दोन गोष्टी पुरतात. महिनाभर हातात असेल तर तो महिना यावर घाला.

दुसरा_मत

प्लास्टीला एवढं सरळ नाही म्हणाले? आजकाल तीन-तीन स्टेंट टाकून तिसऱ्या दिवशी घरी येतात लोक. दुसरं ओपिनियन घेतलं का? स्टेंट पण आता स्वस्त झालेत, २०१७ ला सरकारनं भाव बांधले तेव्हा औषधाचा स्टेंट लाखाच्या वरून २९,६०० वर आला होता, नंतर थोडाफार बदलत गेला.

एरीकाठचा मराठी

@दुसरा_मत दुसरं ओपिनियन घ्यावंच, त्यात काही चूक नाही. पण शुगर आणि तिन्ही नळ्या असतील तर बायपासच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. २०१२ मध्ये फ्रीडम नावाची मोठी ट्रायल आली, सगळे डायबेटिसवालेच पेशंट, त्यात बायपासवाल्यांमध्ये मृत्यू आणि हार्ट ॲटॅक दोन्ही कमी निघाले, स्ट्रोक मात्र थोडे जास्त. कार्डिऑलॉजिस्ट स्वतः प्लास्टी करणारा असून बायपासला पाठवतोय, म्हणजे त्याला धंदा सोडून पेशंट दिसतोय. मला तर त्या डॉक्टरांचा आदर वाटला.

सातारी_कंदी

पैशाचं कुणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. वहिनी गप्प बसल्यात म्हणताय (म्हणजे तुमच्या आई), तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघा. बायपास त्यात बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड, आधार आणि अँजिओचा रिपोर्ट घेऊन योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला भेटा, काउंटर बहुतेक मेन गेटच्या आसपासच असतो, नाही दिसला तर मोठ्यानं विचारा. पूर्वी फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना होती, आता बाकीच्यांना पण आहे. मंजुरी ऑनलाइन येते, प्लॅन्ड केसला ती आल्याशिवाय ॲडमिट होऊन पैसे भरायला सुरुवात करू नका, नंतर परत मिळवताना नाकी नऊ येतात.

माझ्या सासऱ्यांची योजनेतच झाली. जनरल वॉर्ड होता, जेवण बेताचं, पण सर्जन तेच जे प्रायव्हेटवाल्यांचं करतात. एका हॉस्पिटलनं (नाव नको) आधी ‘योजनेचे बेड फुल आहेत, पॅकेजमध्ये घ्या तर उद्या करतो’ असं सुनावलं होतं, आम्ही १५५३८८ वर फोन लावला तर संध्याकाळी बेड निघाला. तर तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून जावा.

फाईलवाली

@सातारी_कंदी बरोबर. आणि जर मेडिक्लेम असेल तर टीपीएला (विमा कंपनीचे क्लेम बघणारे) ‘नेटवर्क’ आहे का एवढंच विचारू नका, रूम रेंटची लिमिट विचारा. रूम वरची घेतली की बाकी बिलपण त्या प्रमाणात कापतात, हा खड्डा सगळ्यांनाच नंतर दिसतो.

१०८_वाला

एक वेगळा मुद्दा, कारण हा धागा पुढं कोणीतरी गडबडीत वाचेल. वरची सगळी चर्चा ठरवून करायच्या बायपासची आहे. ॲटॅक आला असेल, छाती आवळतीय, घाम फुटलाय, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ जातीय, तर मान्यता, ट्रॉफी, स्टार काही बघू नका. १०८ लावा किंवा जवळ ईसीजी निघेल तिथं जा. कॅथलॅब (अँजिओ-प्लास्टी करतात ती खोली) असलेल्या हॉस्पिटलच्या दारात पोचल्यापासून ९० मिनिटांत बलून फुगला पाहिजे असं गणित असतं, आणि दोन तासांत तिथं पोचून प्लास्टी होणार नसेल तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन जवळच्याच ठिकाणी द्यायचं असतं. आमच्याकडं नातेवाईक ‘पुण्यालाच न्या’ म्हणून हट्ट करतात, खंबाटकीच्या घाटात ट्रॅफिक लागलं की मग आमच्याकडंच बघत बसतात.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. मेहुणे १०८ दादांचं वाचून थोडे नरमलेत.

काल तासाभरावरच्या हॉस्पिटलला जाऊन आलो. नाईटड्युटी ताईंचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते, कागद बघून सर्जन हसले आणि म्हणाले द्या इकडं, आणि एकेक करून उत्तरं दिली. स्वतः करतात, लिमा लावणार, दोन्ही बाजूच्या नाही कारण एचबीएवनसी ९.१ आहे आणि तंबाखू नुकतीच सुटलीय, दोन्हीकडच्या धमन्या काढल्या तर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम चिघळायची भीती. परत छाती उघडायचा आकडा लगेच सांगितला, इन्फेक्शनचा मात्र म्हणाले फाईल बघून सांगतो, आणि खरंच संध्याकाळी त्यांच्या असिस्टंटनी व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षाचा पाठवला. रक्तपेढी तळमजल्यावरच आहे. पहिल्या रात्री एकाला एक सिस्टर, दुसऱ्या दिवसापासून दोघांत एक. एनएबीएच फुल आहे, वेबसाईटवर बघितलं, मुदत आहे. योजनेत पण आहेत.

पुण्याच्या हॉस्पिटलला पण गेलो. तिथं पॅकेज समजावून सांगणाऱ्या मॅडम फार छान बोलल्या, कॉफी पण आली, सर्जन भेटायला मात्र पुढच्या आठवड्याची वेळ दिली आणि ऑपरेशन नेमकं कोण करणार यावर ‘आमची टीम आहे’ एवढंच उत्तर आलं. वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण आण्णा बाहेर आल्यावर म्हणाले, “मला त्या कागद वाचणाऱ्याकडं न्या.” विषय संपला.

आता शुगर खाली आणायला दोन-तीन आठवडे दिलेत, इन्सुलिन चालू केलंय. आण्णा रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या घेतात, त्यातली एक ऑपरेशनच्या आधी बंद करायची असते असं शेजारचे सांगतायत, खरं का? आणि रक्त देणारी माणसं किती तयार ठेवू?

नाईटड्युटी

ऐकून बरं वाटलं. शुगरमुळं दोन धमन्या नको म्हणाले ते अगदी बरोबर कारण आहे, मी विचारायला सांगितलं होतं ते ‘का नाही’ ऐकण्यासाठीच.

गोळ्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, पण तारीख सर्जननं कागदावर लिहून दिली पाहिजे आणि त्याच्या आधी एक दिवसपण नाही. टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल असेल तर दिवस वेगळे असतात, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून फोटो काढून त्यांच्या असिस्टंटलाच पाठवा.

रक्ताचं तिथल्या रक्तपेढीला विचारा, आकडा तेच सांगतील. बदली रक्तदात्यांना कुठलाही ग्रुप चालतो, आण्णांचाच पाहिजे असं नाही. फक्त येणाऱ्यांना सांगा नाष्टा करून या, उपाशी येतात आणि तिथं चक्कर येऊन पडतात. तीन बॉलचं ते श्वास ओढायचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, आत्ताच आणा आणि आण्णांना रोज थोडा वेळ ओढायला लावा. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना शिकवायला गेलं की पेशंट आमच्यावरच चिडतात.

कोयनाकाठ

आणलं. दोन बॉल वर जातात, तिसरा अजून हलत नाहीये.

नाईटड्युटी

तंबाखूवाल्यांचा तिसरा हलायला वेळ लागतो. जोरात नाही, सावकाश ओढायला सांगा.